दाजींचा कान

माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे अधू झाले की माणूस मुकाट्यानं माझ्याकडे येतो, भिंतीवरची अक्षरं वाचतो, चुकतो, ओशाळं हसतो आणि चष्मा घेऊन जातो. कान अधू झाले की तोच माणूस समोरच्याला दटावतो, ‘पुटपुटू नकोस, नीट बोल.’ हे मला तीस वर्षं पाठ आहे. तरी दाजींच्या बाबतीत माझी ट्यूब पेटायला चार महिने लागले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा पियानो सुरात लावण्याचा. शाळा, सभागृहं, हॉटेलं, हौशी लोकांची घरं, सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. खांद्यावर चामड्याची पिशवी, तिच्यात खुंट्या फिरवायची किल्ली, तारांमध्ये खुपसायच्या रबराच्या पाचरी आणि लोकरीच्या जाड नमद्याच्या पट्ट्या. दोनशेच्या वर तारा असतात एका पियानोत. त्यातली पहिली तार नादकाट्यावरून लावतात, आणि मग एकीवरून दुसरी. नादकाटा म्हणजे दोन दातांचा पोलादी चिमटाच. गुडघ्यावर आपटला की एकच स्वर देतो, आज देतो तोच शंभर वर्षांनीही. सगळे कारागीर तो वापरतात. दाजी नाही. ‘ती कुबडी आहे, मला दोन पाय आहेत,’ असं म्हणायचे. पहिला स्वर ते थेट डोक्यातून काढायचे आणि तो बरोबरच असायचा. वडिलांनी दिलेला काटा पत्र्याच्या डबीत, पिशवीच्या तळाशी वीस वर्षं पडून होता. माणूस गर्विष्ठ होता, यात शंका नाही. पण गर्व करावा असाच कान होता.

आता बँडचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आम्ही सहा-सात जण त्या बँडचे भक्त. वय वाढलं, केस गेले, भक्ती गेली नाही. चाळीस वर्षांपूर्वी बँडनं एका सभागृहात नऊ दिवस गाणी ध्वनिमुद्रित केली, दहाव्या दिवशी आपसात कडाक्याचं भांडण झालं आणि त्या टेपा कंपनीच्या गोदामात गेल्या त्या गेल्याच. त्या सभागृहातला पियानो रोज सकाळी लावायला दाजींचे वडील जात, आणि पिशवी उचलायला बावीस वर्षांचे दाजी. नवव्या दिवशी दाजी पडद्यामागे लपून बसले आणि त्यांनी एक संथ गाणं ऐकलं, पियानो आणि गळा, बाकी काही नाही. हा किस्सा त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवला होता की पडद्याचा रंगही मी सांगू शकतो.

तर गेल्या वर्षी कंपनीनं त्या टेपा बाहेर काढल्या. पहिला संच आला. रविवारी दुपारी आम्ही नेहमीप्रमाणे रेकॉर्डवाल्याच्या दुकानाच्या माडीवर जमलो. रेकॉर्डवाल्यानं तबकडी हात धुऊन लावली. दोन गाणी झाली. कोणाच्या डोळ्यांत पाणी, कोणाच्या चहात बिस्कीट पडलेलं. तिसऱ्या गाण्यात दाजींनी हात वर केला.

“थांबव. पळवलंय हे.”

“म्हणजे?” रेकॉर्डवाला म्हणाला.

“टेप वेगात फिरवलीय. सगळं चढलंय. चांगलं अर्धा स्वर चढलंय. गळा बघ कसा किनरा लागतोय.”

आम्हाला कोणालाच किनरा लागत नव्हता. पण दाजींनी म्हटल्यावर लागायला लागला. खोटं कशाला बोलू, मीच पहिल्यांदा मान डोलावली.

वकील तेवढा अडला. वकील म्हणजे विमा कंपनीतला कारकून, पण वाद घालायची इतकी हौस की हे नाव पडलं. त्यानं मोबाईलवर स्वर मोजायचं कसलंसं ॲप काढलं. “दाजी, हे बघा, सुई बरोबर मध्ये आहे. एक केसभर इकडेतिकडे नाही.”

“तो पियानो कोणी लावला होता? तुझ्या मोबाईलनं?”

वकिलानं मोबाईल खिशात घातला.

मग जे रण माजलं ते विचारू नका. गावोगावच्या भक्तांचे ग्रुप आहेत, तिथे दोन तट पडले. जन्मात सूर न कळलेले लोक सुरावरून एकमेकांचे आईबाप काढू लागले. ‘प्रत्यक्ष पियानो लावणारा माणूस सांगतोय’ हे वाक्य तर मीच छातीठोकपणे शंभर ठिकाणी चिकटवलं. चारशे सह्यांचं पत्र कंपनीला गेलं, की संच परत घ्या आणि टेपा ज्यानं बिघडवल्या त्याला घरी बसवा. मसुदा माझाच.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, पण कंपनीचं नाही. टेपा साफ करणाऱ्या बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं की जुन्या टेपा चिकट झाल्या होत्या, त्या मंद भट्टीत तासन् तास शेकून मग वाजवाव्या लागल्या, अकरा महिने हेच काम केलं, यंत्राचा वेग रोज सकाळी तपासला. तुमच्या पत्रानंतर दुसरा संच थांबवला आहे आणि चौकशी होईपर्यंत मला येऊ नका म्हणून सांगितलं आहे. शेवटी एक ओळ होती, ‘माझी चूक असेल तर मला ऐकवून दाखवा, मी मान्य करीन.’

दाजींनी पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. “चूक आहेच,” एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात भर दुपारी ताई माझ्या दुकानात आली. ती कधी दुकानात येत नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच फ्रेमा न्याहाळत राहिली.

“संगीतशाळेतून फोन होता,” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात यांनी पियानो लावला ना, तेव्हापासून तो बासऱ्यांशी जुळत नाही म्हणे. खाली लागतो.”

“बासऱ्या खराब असतील.”

“हे पण तेच म्हणाले.” ती स्टुलावर बसली. “अरे, वर्षभर हे घरी येऊन एकच सांगतायत, बघावा तो पियानो चढलेला, हवाच तशी आहे, सगळे उतरवावे लागतात. मी नुसतं हूं हूं करत होते. काल एकदम आठवलं. मामंजींचं असंच सुरू झालं होतं. सगळ्या गावाचे पियानो बिघडलेत म्हणायचे.”

दाजींच्या वडिलांना मी पाहिलं होतं. शेवटची सात वर्षं ते खिडकीपाशी पाटी घेऊन बसलेले असायचे. ज्याला बोलायचं असेल त्यानं पाटीवर लिहायचं. मागून कोणी आलं की दचकायचे, आणि दचकल्याचा राग सुनेवर काढायचे. ताई सात वर्षं त्या घरात पाय आपटत चालायची, जमीन हलून त्यांना कळावं म्हणून.

“यांना सांगू नकोस,” ताई म्हणाली. “पण उद्या शाळेत जाणार आहेत, तू बरोबर जा. मला फार भीती वाटते रे.”

मला वाटत नव्हती असं नाही. चारशे सह्या माझ्या डोळ्यांपुढे नाचत होत्या, आणि त्या बाईंची शेवटची ओळ.

सकाळी मी पिशवी उचलून त्यांच्यामागे गेलो. वर्ग रिकामा होता, फळ्यावर पाच रेघा आखलेल्या, कोपऱ्यात उभा पियानो. बासरीच्या बाई आदबीनं बोलत होत्या, तेच वाईट होतं. त्यांनी एक स्वर फुंकला आणि पियानोवर तोच दाबला. फरक इतका ढळढळीत होता की मलासुद्धा कळला.

“बासरी चढी आहे,” दाजी म्हणाले.

बाईंनी कपाटातून दुसरी काढली.

“हीही चढी आहे.”

तिसरी काढली. या वेळी दाजींनी खुंट्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. “डबी दे.”

मी पिशवीच्या तळाशी चाचपडलो. झाकण गंजून बसलं होतं, नखानं उचकटावं लागलं. त्यांनी काटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी नेला. पुन्हा आपटला. मग त्याची दांडी पियानोच्या लाकडावर टेकवली, आणि साऱ्या वर्गात तो स्वर घुमला. बाईंनी नकळत बासरी फुंकली. दोन्ही स्वर असे मिसळले की वेगळे निघेनात.

दाजींचा चेहरा पांढरा पडला. कितीतरी डोळे जाताना मी बघितलेत, पण असा चेहरा बघितला नव्हता.

“हा पण चढलाय,” ते अगदी हळू म्हणाले. आणि मग, “काटा कसा चढेल रे?”

मी डबीचं गंजलेलं झाकण पुसत राहिलो. तुमचा कान फिरलाय हे तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं.

त्यांनी कोट काढला आणि पियानो पुन्हा लावायला घेतला, काट्यावरून. दुपारपर्यंत एकेक तार चढवत होते. त्यांच्या लेखी प्रत्येक तार चुकीची होत होती आणि तीच बरोबर धरून पुढच्या तारेला हात घालायचा होता. किल्ली दोनदा हातातून निसटली. शेवटी बाईंनी वाजवून बघितलं आणि म्हणाल्या, “आता अगदी सुरेख.” दाजींनी मान हलवली. परत आल्यावर घराच्या दाराशी थांबले.

“बाबांची पाटी अजून माळ्यावर आहे का, बहिणीला विचारशील?”

त्यांनाही सगळं आठवत होतं तर. मी म्हटलं, “कसली पाटी घेऊन बसलात?” आणि सटकलो. माझी हिंमत तेवढीच.

त्या रविवारी ते माडीवर येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. मनातून तशी आशाच करत होतो. गप्प राहिले असते तर काय बिघडणार होतं? पियानो काट्यावरून लागत राहिले असते, भक्त भांडत राहिले असते, आम्ही दोघं मान ताठ ठेवून फिरलो असतो. बिघडणार होतं ते त्या बाईंचं, आणि त्यांना आमच्यापैकी कोणी पाहिलंही नव्हतं. असला विचार मी केला, हे मी लपवत नाही.

दाजी आले. वेळेआधी आले. बसले नाहीत. खिशातून काटा काढून गुडघ्यावर आपटला आणि वकिलाच्या हातात दिला. “तुझ्या मोबाईलला ऐकव.”

वकिलानं बघितलं. “बरोबर मध्ये.”

“मला तो अर्धा स्वर वर ऐकू येतो. सगळंच तसं येतं. टेप बरोबर आहे. माझा कान गेलाय.”

रेकॉर्डवाला चहाचा कप धरून तसाच उभा. “पण दाजी, तुम्ही स्वतः तिथे होता,” तो म्हणाला.

“होतो. म्हणूनच तुम्ही सगळ्यांनी माझं ऐकलंत.” मला म्हणाले, “चारशे लोकांना तू कळवायचंस. आजच.” मग कंपनीला आपल्या हातानं पत्र लिहिलं, नाव-पत्ता-धंदा आणि पडद्यामागच्या किश्श्यासकट, आणि आमच्या समोर पाकिटात घातलं. वकिलासारखा वकील, तोही खिडकीबाहेर बघत बसला होता.

पुढचं सांगायला नको. पियानो लावणाऱ्याचा कान गेला ही बातमी लपते थोडीच? सभागृहानं दुसरा माणूस बघितला, हॉटेलांनी बोलावणं बंद केलं. संगीतशाळेच्या बाई तेवढ्या अजून बोलावतात आणि स्वतः बासरी घेऊन शेजारी उभ्या राहतात. डॉक्टर म्हणाले बहिरेपण वाढत जाईल, किती ते सांगता येत नाही. ताईनं एकदा नुसतं विचारलं, “मी आपटत चालते का आतापासून?” आणि दोघं हसली. हसता हसता ताई स्वयंपाकघरात निघून गेली.

टेपांच्या बाईंना कंपनीनं परत बोलावलं. दुसरा संच निघाला तेव्हा त्यांनी पहिली प्रत दाजींना पाठवली. सोबत चार ओळी, ‘शेवटच्या तबकडीवर नवव्या दिवसाचं गाणं आहे. सुरुवातीला पडद्यामागे कोणीतरी शिंकतं. ते मी काढलेलं नाही.’

मी उत्साहानं तबकडी लावायला घेतली. दाजींनी माझं मनगट धरलं.

“नको.”

“अहो, तुमचं गाणं आहे ते!”

“म्हणूनच नको. डोक्यात ते अजून बरोबर वाजतंय, तेव्हा वाजलं तसं. आता हे ऐकलं तर ते जाईल, आणि हे चढलेलं तेवढं राहील.” त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. “कान जाऊ दे. ते एवढं जायला नको. तू ऐक. हेडफोन लाव आणि मला सांग, पियानो सुरात होता का.”

मी हेडफोन लावले. शिंक ऐकली. मग पियानो, मग गळा. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, हे आता जगाला माहीत आहे. पण पूर्ण ऐकलं. दाजी समोर बसले होते, मुठी आवळून, आणि ताई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

मी हेडफोन काढले. “होता दाजी,” मी म्हणालो. “अगदी सुरात होता.”

ते तसेच माझ्याकडे बघत राहिले. माणूस कुठे बघतोय हे ओळखणं हा माझा धंदाच आहे. त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती. ओठांवर होती.

मी पुन्हा सांगितलं. सावकाश, तोंड नीट उघडून, मोठ्यानं सांगितलं, “होता.”