दोन सांगणारे

नागोराव मुनेश्वरांची वेबसाइट दिसायला अगदीच साधी आहे. पांढऱ्यावर काळी अक्षरं, वर एक निळी रेघ आणि खाली नावांची यादी. फोटो नाही, हलणारं-चमकणारं काही नाही. पुण्यात नोकरीला असलेल्या अश्वजितनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, हे रेशनच्या यादीवानी दिसून राह्यलं." नागोरावांना राग यायला हवा होता, पण ते खूश झाले. रेशनच्या यादीत कुणी शोभा बघत नाही, नाव बघतो.

यादी आहे ती छप्पन साली दसऱ्याला, बाभुळगावच्या आजूबाजूच्या खेड्यांतून दीक्षा घ्यायला नागपूरला गेलेल्या माणसांची. पुढारी त्यात एकही नाही. सालदार, मोळीविक्या, कापूस वेचणारी बाई, कोतवालाचा पोरगा, असे लोक. नाव, गाव, कसे गेले, सोबत काय नेलं, आणि शेवटी एक ओळ: 'सांगणारे'. पाच वर्षांत एकशे बेचाळीस नावं झाली. या यादीचा नागोरावांना अभिमान किती, ते विचारू नका. टपरीवर कुणी नुसतं 'काय चाललं, साहेब?' म्हणालं तरी चहा येण्याआधी फोन खिशातून बाहेर निघतो. माणूस थोडा डोकं खातो, हे खरं. पण त्याचं काम पाहिलं की आपणच गप्प बसतो.

नोकरी त्यांनी वणीला केली. कोळसा खाणीच्या कार्यालयात, संगणक विभागात, अडतीस वर्षं. लागले तेव्हा कार्डांना भोकं पाडून माहिती भरायचे. तिथे एक पद्धत होती. एकच कागद दोन माणसांनी, एकमेकांचं न बघता, वेगवेगळा भरायचा. मग यंत्र दोन्ही ताडून बघायचं. एका अक्षराचा फरक पडला की कागद परत. नागोराव तेव्हा विशीतले होते, आणि ही पद्धत त्यांच्या अंगात जी मुरली ती निवृत्तीनंतरही निघाली नाही. यादीसाठीही त्यांनी तोच कायदा केला. दोन सांगणारे हवेत, वेगवेगळे बसून सांगणारे. आणि स्वतःबद्दल स्वतःच सांगितलेलं धरायचं नाही.

या कायद्यानं पहिला फटका दिला तो त्यांच्याच घराला. वडिलांचं, नानाजींचं नाव यादीत नव्हतं.

नानाजी नागपूरला गेले होते हे घरात सगळ्यांना पाठ. पण सांगणारी एकच, त्यांची आई रुखमाबाई. नानाजींना जाऊन वीस वर्षं झाली. गावातले बरोबरीचे कुणी उरले नव्हते. रुखमाबाई शहाऐंशीच्या. नवीन नाव चढलं की त्या पोराला ते वाचून दाखवायला लावायच्या, आणि वाचून झालं की त्यांचा एकच प्रश्न असायचा.

"आन् तुह्या बापाचं?"

"माय, दुसरा सांगणारा नाही भेटला अजून."

"मी मेल्यावर भेटन काय? माह्या डोळ्यादेखत टाक बाप्पा."

वेबसाइट त्यांची स्वतःची. टाकायचं म्हटलं तर दोन मिनिटांचं काम. भाऊबंद टोमणे मारत, साऱ्या गावाचे बाप चढवले आणि स्वतःचा तेवढा राहिला. नागोराव ऐकून घेत. आईचं तोंड पाहून त्यांना फार वाईट वाटे, पण बोट त्या बटणावर जात नसे.

मागच्या हिवाळ्यात आर्णीहून एका मुलीचा फोन आला. नाव वैष्णवी. तिला यादीत तिच्या आजीच्या वडिलांचं नाव सापडलं होतं. आजी इंदूबाई, वय चौऱ्याऐंशी, नागोरावांच्याच गावची लेक. "आजी पण गेलती, काका. तिले सारं आठवते," मुलगी म्हणाली. नागोरावांनी दुसऱ्या दिवशी गाडीत पेट्रोल भरलं आणि यवतमाळवरून थेट आर्णी गाठलं. आईला फक्त एका कामाला जातो म्हणाले. आशा लावून ठेवायची नव्हती.

इंदूबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. गावची लेक म्हणून नागोराव त्यांना आत्या म्हणाले, जय भीम घातला, पण आपलं आडनाव सांगितलं नाही. तीही त्यांची पद्धतच. सांगणाऱ्याच्या तोंडात आपण नाव घालायचं नाही.

"आत्या, आपल्या गावचं कोण कोण होतं?"

"अकरा घरं. एकेका घरून एक जण. मी बापासंग गेलती, पोट्टीले कोण मोजते?" त्या बोटांवर मोजू लागल्या. धामणगाव स्टेशनापर्यंत पायी, तिथून रेल्वे. एकेक नाव यादीशी जुळत होतं. नऊ झाली. मग त्या म्हणाल्या, "मुनेश्वराघरून रुखमा."

नागोरावांना वाटलं, म्हातारीचा गोंधळ झाला. आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा कायदा मोडला. "रुखमाचा नवरा ना, आत्या? नानाजी?"

"नानाजी कुठं आलता? तो गावात राह्यला. अठ्ठावीस ढोरं होती साऱ्याइची, ते कोण पाह्यन? त्याचंच जायचं ठरलं होतं. पण निघाच्या वक्ताले रुखमा दारात उभी राहून रडे. त्यानं शिदोरी तिच्याच हाती देल्ली. म्हणे, तू जाय. मी पुढच्या खेपेले जाईन, बाबासाहेब काही पळून नाही चालले."

पुढचं इंदूबाईंना सांगावं लागलं नाही. दोनच महिन्यांत, डिसेंबरात, बाबासाहेब गेले. पुढची खेप आलीच नाही.

परतीच्या रस्त्यात नागोरावांनी दोनदा गाडी उभी केली. तहान लागली नव्हती, तरी पाणी प्यायले.

घरी रुखमाबाई सुपात तूर निवडत होत्या. नागोराव समोर बसले. एवढं ऐकून आलेला दुसरा कुणी आईच्या गळ्यात पडला असता. या गृहस्थानं विचारलं, "माय, दसऱ्याले गाव नागपूरले गेलं, तवा ढोरं किती होती?"

"अठ्ठावीस," रुखमाबाई म्हणाल्या. आणि त्यांचा हात सुपातच थांबला. मग म्हणाल्या, "कोण भेटलं तुले?"

"इंदूआत्या."

"हाये काय ते अजून." त्यांनी सूप बाजूला सारलं. "तुहा बाप मले जन्मात एक शब्द नाही बोलला रे. बाबासाहेब गेल्याची खबर आली तवा तीन दिवस जेवला नाही. तवापासून मी म्हणून राह्यली, त्याची जागा मी घेतली. म्हणून तो गेल्यावर त्याले देऊन टाकली. साऱ्याइले सांगतलं, हेच गेलते."

नागोरावांना आईचा राग आला नाही. आई चालत गेली याचा अभिमान वाटला, आणि बापानं जाऊ दिलं याचा त्याहून मोठा. ते आईला तसं म्हणालेही, सरळ शब्दांत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग त्यांनी संगणक लावला. यादीखाली एक नवा मथळा केला, 'मागे राहिलेले', आणि त्याखालचं आईला वाचून दाखवलं.

"नानाजी मुनेश्वर. नागपूरला गेले नाहीत. आपली पाळी बायकोला दिली. गाव परत येईपर्यंत अकरा घरांची अठ्ठावीस ढोरं एकट्यानं राखली. सांगणाऱ्या: इंदूबाई, रुखमाबाई."

रुखमाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "हे बेस झालं. खरं झालं."

"आता तुहं नाव राह्यलं, माय."

"माह्यं सांगणारी एकटी इंदू. बसते काय तुह्या कायद्यात?"

"नाही बसत," नागोराव म्हणाले.

"मंग नको टाकू," रुखमाबाई म्हणाल्या. पोराकडे त्या अशा बघत होत्या की जणू पोरगा आजच साहेब झाला.

नागोरावांनी यादी वरून उघडली आणि पहिल्याच नावाच्या घरी, बाभुळगावातच, फोन लावला. नातवानं उचलला.

"तुमचे आजोबा नागपूरले गेलते, ते आपल्या यादीत आहे," नागोराव म्हणाले. "त्या दिवशी घरी मागं कोण राह्यलं होतं?"

"थांबा, काका," तो म्हणाला. "मायले विचारतो. हे कोणी कधी विचारलंच नाही आमाले."