भुईवर घेतलेला माणूस
जंतुनाशक कार्बोलिकचा वास आला की साखरशेत गावातलं ते अंगण आठवतं आणि मला एका जागी बसवत नाही. जव्हार संस्थानाच्या नोकरीत मी देवी टोचायला गावोगाव फिरायचो. त्या अंगणात एक धिप्पाड गडी हसत पुढे आला, दंडावर रक्ताचा थेंब दिसताच पांढराफटक पडला आणि कोसळला. त्याच्या आईने आणि भावाने बगलेत हात घालून त्याला उभा केला. मी मनगट धरलं, नाडी सापडेना. भेदरलेला मेंदू नाडीचा लगाम खेचतो, मग उभ्या माणसाच्या डोक्यापर्यंत रक्त चढत नाही, असं आमच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. "आडवा करा त्याला!" मी ओरडलो. "मेल्यावर भुईवर घेतात," आई किंचाळली, "माझा पोर जिता हाय!" मी त्याला हिसकावून खाली निजवला, त्याचे पाय खांद्यावर घेतले. त्याच्या ओठांवर रंग येईपर्यंत ती माझ्या पाठीत बुक्के घालत होती. हल्ली खाटेवरून उठताना माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी येते. "मामंजी, खाली आडवे व्हा," मीच शिकवलेलं सून मला सांगते, आणि मी दाराची चौकट घट्ट धरून उभाच राहतो.