गावच्या मताचं गटार

नव्वदीच्या दशकात सुरतेची हद्द खाडीपाशी संपायची. आमची चाळ खाडीच्या अलीकडे, पंचायतीत होती. पलीकडे शहरात पक्की गटारं झाली. आमच्या दारात मात्र वरच्या सगळ्या चाळींचं सांडपाणी तुंबायचं. आईने खाटेच्या पायांखाली विटा लावल्या होत्या. तक्रार घेऊन गेलं की पंचायतीतला माणूस विचारायचा, “तुमचं मत इथं आहे का?”

ते नव्हतंच. चाळीतल्या बहुतेक खानदेशी माणसांनी आपली नावं गावाकडच्या मतदारयादीतच ठेवली होती. निवडणूक आली की बाप कापडाच्या लूमवर खाडा करून भुसावळच्या गाडीने मत द्यायला गावी जायचा. इथं नाव घातलं तर आपण गावचे उरणार नाही, असं त्याला वाटायचं. त्या हट्टाचा मला अजून राग येतो.

एकदा त्याने मत दिलेल्या गटाचा सरपंच झाला आणि गावातल्या आमच्या कुलूपबंद घरापुढे सिमेंटचं गटार झालं. ते बघून बाप परतला, चपला हातात घेऊन घाण पाण्यातून आत आला आणि आईला कौतुकाने सांगू लागला, “एकदम कोरडं ठणठणीत आहे.”

“तिथं पाणी सांडायला आहे कोण?” आई म्हणाली.