अर्धलीवर मिळालेली लिमिया

पुण्याहून सोलापूरला लोक चादरी आणायला जातात. मी एक मासा आणायला निघाले होते. मांडीवर झाकणाला भोकं पाडलेली रिकामी बरणी होती आणि स्वारगेटपासून शेजारच्या बाई तिच्याकडे संशयाने पाहत होत्या.

माशाचं नाव लिमिया. क्युबा, जमैका, हैती अशा उष्ण बेटांवरच्या गोड्या पाण्यातला, बोटाच्या दोन पेरांएवढा, करड्या अंगावर काळसर ठिपके. अंडी न घालता तो थेट पिल्लं देतो, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. दिसायला इतका साधा की दुकानदार ठेवतच नाहीत. माझ्याकडे नऊ वर्षं त्यांचं कुटुंब नांदत होतं. उन्हाळ्यात तिन्ही माद्या पाठोपाठ गेल्या आणि एक म्हातारा नर उरला. त्याच्याबरोबर सगळं संपणार, या विचाराने मला खरोखर रडू यायचं. "माझ्या आजारपणात तू इतकी हलली नव्हतीस," असं यजमान म्हणाले. त्यांना सर्दी झाली होती.

आशा एकाच माणसावर होती. सिद्धाप्पा सोलापूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. मी जीवशास्त्राची शिक्षिका असताना एका शिबिरात त्याची ओळख झाली आणि मी त्याला लिमियाच्या दोन जोड्या दिल्या. फोनवर तो म्हणाला, "लई झाल्यात मॅडम. घेऊन जावा की."

मोहोळला गाडी चहाला थांबली. टपरीवरच्या एका गृहस्थांनी बरणीची चौकशी केली. मासा आणायला चालले आहे, असं मी सांगितलं.

"ह्या बरणीत किती बसणार?"

"एकच हवाय."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "आजारी माणसासाठी हाय का?"

मी हो म्हणाले. आता त्यांना सगळं कुठे समजावत बसायचं?

सिद्धाप्पा स्टँडवर मोटरसायकल घेऊन आला होता. त्याच्या घरी गेल्यावर पाहते तर माशांच्या काचेच्या पेटीत कांदे.

"मासे कुठे आहेत?" माझा आवाज बहुधा चिरकला असावा.

"हितं नळाला चार-पाच दिसांनी पाणी येतंय मॅडम. पेटीला पाणी दिलो तर बायको मलाच पेटीत ठेवंल. सगळे गावाकडं नेऊन सोडलो."

गाव म्हणजे वळसंग. अक्कलकोट रस्त्याने आम्ही निघालो. दोन्हीकडे काळी रानं, मध्ये एखादं कडुलिंबाचं झाड, आणि तव्यावरून आल्यासारखा वारा. सिद्धाप्पाची आई लगमव्वा गोठ्यापाशी बसली होती. वय सत्तरीचं, पदरी चाळीस मेंढ्या. घरात कानडी-मराठी दोन्ही चालतं, त्यामुळे ती माशांना 'मीनू' (मासा) म्हणते. बोअरशेजारी मेंढ्यांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. तिने तिकडे नुसता हात केला.

मी डोकावले आणि बघतच राहिले. पुण्यात मी हीटर, फिल्टर, औषधं असा थाट मांडला होता आणि इथे मेंढ्यांच्या उष्ट्या पाण्यात लिमिया ढिगाने खेळत होते. बोअरचं जड पाणी त्यांना मानवलं होतं. आनंदाने आणखी वाकले, तसा चष्मा हौदात पडला. तेवढ्यात मेंढ्या पाण्यावर आल्या. चाळीस तोंडं हौदात बुडाली आणि मासे तळाला गेले. चष्म्याशिवाय मला नर, मादी आणि शेवाळ सारखंच दिसतं.

सिद्धाप्पा पँट वर करून हौदात उतरला. मेंढ्या पांगल्यावर लगमव्वाने पिठाची चाळणी आणली, एकदाच पाण्यातून फिरवली आणि एक मासा माझ्या बरणीत सोडला.

"ही ने. गाभण हाय."

"आव्वा, तुम्हाला कसं कळलं?"

"पोट बघ की. मेंढीचं कळतंय, हिचं कळंना व्हय?"

सिद्धाप्पाने काढून दिलेला चष्मा पुसून मी पाहिलं. शेपटीच्या बाजूला, पोटावर गर्भारपणाचा काळा डाग होता. मी मनापासून आभार मानले आणि बरणी उचलू लागले. लगमव्वाने झाकणावर हात ठेवला.

"गाभण जनावर आमी असंच देत न्हाई. इकत बी न्हाई. अर्धलीनं देतो."

अर्धल म्हणजे मेंढी एकाची, सांभाळायची दुसऱ्याने, आणि होणाऱ्या पिल्लांतली निम्मी मूळ मालकाची. सिद्धाप्पा ओशाळला. "आव्वा, मासा हाय त्यो."

तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. मला विचारलं, "बाई, ही अंडी घालती का पिल्लं देती?"

"पिल्लं," मी म्हणाले. तीस वर्षं शिकवल्यावर दुसरं काय म्हणणार?

"मग झालं की. कोंबडीचा अर्धल नसतोय. इणारीचा असतोय."

"पण मूळ जोड्या मीच दिल्या होत्या."

"दिलीस तवा अर्धल बोल्लीस का?"

"नाही."

"मग ती तुझी चूक. आन् पिल्लं तू सोता आणून द्यायची."

मी कबूल झाले. मग लिंबाखाली तिने पापडासारखी कडक भाकरी (ज्वारीची, वाळवलेली), शेंगाची चटणी आणि दही वाढलं. करार मोडला तर तिचं अन्न आठवेल, इतकं ते चवदार होतं.

पुण्यात बारा दिवसांनी मादी व्याली. सकाळी सात पिल्लं मोजली, संध्याकाळी पाचच. या माशांच्या आया पिल्लं खातात, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल. तरी निम्म्या वाट्याची मालकीण म्हणून लगमव्वाला फोन करून सांगितलं.

पलीकडून ती म्हणाली, "आई खाल्ली?"

"हो आव्वा. यांच्यात असतंच तसं."

"तसं नसतंय. बाळंतिणीला उपाशी ठेवलीस तू."

मला भयंकर राग आला. पाणी स्वच्छ राहावं म्हणून मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दिवसातून एकदा, मोजून चिमूटभर खाद्य टाकत होते. त्यात माझी काय चूक? दुसऱ्या दिवसापासून मी निमूटपणे तीनदा टाकू लागले. यजमानांनी कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही.

म्हातारा नर अजून टिकून आहे आणि त्या मादीच्या मागेमागे फिरतो. महिन्याने ती पुन्हा व्याली. अकरा पिल्लं झाली, आणि आठवडा उलटला तरी अकराच्या अकरा आहेत. पहिली पाच धरून सोळा झाली; आता त्यांतली निम्मी, आठ पिल्लं घेऊन वळसंगला जायचं आहे. एवढी वर्षं मुलांना ठासून चुकीचं सांगितलं, हे लगमव्वापुढे कसं कबूल करायचं, ते विचारायला मी सिद्धाप्पाला फोन केला.

"काय सांगू नका मॅडम," तो म्हणाला. "दुसऱ्या खेपेला पिल्लं खाल्ली म्हणून फोन आला न्हाई, तवाच तिला कळलंय."