दुपट्याची तिहेरी घडी

बाळाच्या ओकारीचं दुपटं धुवायला टाकण्याआधी तुम्ही त्याचा रंग नीट बघता का?

मी बघितला होता... आणि तरीही टाकलं.

आधीच सांगते, अशा गूढ अनुभवांवर माझा विश्वास नाही. या सदरातले किस्से वाचून मी दोनदा संपादकांना रागाची पत्रं पाठवली आहेत. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा फौजेत क्लार्क होते. गाव साताऱ्याकडचं, शेवटचं पोस्टिंग जयपूर, आणि मग आम्ही इथलेच झालो. दर रविवारी सकाळी बाबा चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, पत्रकं वाटायचे. दृष्ट, ताईत, अंगात येणं या सगळ्यांविरुद्ध, हिंदीत, स्वस्तातल्या गुलाबी कागदावर. शनिवारी घड्या घालायचं काम आम्हा दोघी बहिणींचं. कागदाची तिहेरी घडी, मग कडेवरून अंगठ्याचं नख दोनदा फिरवायचं. बाबांचा हात इतका बसला होता की रुमाल, वीजबिल, टॉवेल, सगळं तसंच घडी व्हायचं. आई म्हणायची, "एक दिवस माझीपण घडी घालून खिशात ठेवतील." लाखेच्या बांगड्यांच्या दुकानातले चाचा मला बघून हसायचे, "लो, फौजीजी की बिटिया आ गई ज्ञान बाँटने." पण पत्रक घ्यायचे. परतताना आम्हाला एकेक गरम प्याज कचोरी. तो शाईचा आणि कांद्याचा एकत्र वास अजून नाकात आहे.

बाबांचं एकच सांगणं असायचं. आधी पुरावा जपून ठेव, मग भांड.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, गोपालपुऱ्याच्या घरी आली. भावोजी सीमेवर. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी आणली आणि दुपारी तिनं ओकारी काढली. हिरवी. मेंदीचा पाला वाटल्यासारखी.

आईनं लगेच मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या. सकाळी शेजारच्या बाई बघून गेल्या होत्या, त्यांचीच दृष्ट. माझं डोकं फिरलं. या घरात दृष्ट? मी आईला म्हटलं, तू गुपचूप गुटी चाटवली असशील, त्याचाच रंग आहे हा. आई म्हणाली, मी काही दिलेलं नाही. मी ऐकलंच नाही. दुपटं उचललं आणि न्हाणीघरातल्या साबणाच्या बादलीत माझ्या हातानं दाबून बुडवलं. दृष्ट नाही, म्हणजे काहीच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. माझी चूक ती हीच.

तासाभरात बाळ दूध ओढेना, रडेना. आम्ही रिक्षानं दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. पोट मऊ होतं. त्यांनी विचारलं, उलटीचा रंग कोणता? आणि मी, आईकडे न बघता, सांगितलं की गुटीचा असेल. त्यांनी गुटी बंद करायला सांगितली, रात्रभर इथंच ठेवून बघू म्हणाल्या.

बाळाला कोरडं कापड हवं म्हणून मी घरून आणलेली पिशवी उघडली. सगळ्यात वर ते दुपटं होतं.

कोरडं. तिहेरी घडी घातलेलं. कडेवर नखाची रेघ. मी उलगडलं, तर आत तो हिरवा डाग जसाच्या तसा, साबण न लागलेला.

डॉक्टरीणबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं. "यह घुट्टी नहीं है, पित्त है," त्या म्हणाल्या. आणि बाळाला उचलून चालायलाच लागल्या.

पुढं सगळं धावत झालं. सोनोग्राफी, सर्जन, ऑपरेशन. तिचं आतडं जन्मतःच जागच्या जागी बसलेलं नव्हतं आणि आता त्याला पीळ पडला होता. रक्तपुरवठा तुटत चालला होता. सर्जननी पीळ सोडवला. म्हणाले, काळपट पडलेलं आतडं हळूहळू गुलाबी झालं, काही कापावं लागलं नाही. सकाळपर्यंत थांबला असतात तर बहुतेक सगळं आतडं गेलं असतं.

गुलाबी म्हटल्यावर मला कुठला कागद आठवला, ते सांगायला नको.

घरी आल्यावर मी आधी बादली बघितली. साबणाचं पाणी, आत काही नाही. आई शपथेवर सांगते, तिनं हात लावला नाही. ताई तर बाळाला घेऊन बसली होती. पिशवी मीच भरली होती. मी दोघींची उलटतपासणी घेतली, आई वैतागली. शेवटी ताई हळूच म्हणाली, "मुक्ते, घडी कुणाची होती, तुला माहीत आहे. मला पण माहीत आहे. पुरे कर."

मी पुरे केलेलं नाही. बाबांनी हे वाचलं असतं तर समासात लाल पेनानं लिहिलं असतं, आधार काय? आधार नाही, बाबा. भाची आता पायरीवरून उड्या मारते, पोटावर आडवा व्रण आहे. दुपटं कपाटात आहे.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. एवढंच करा. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर दृष्ट काढत बसू नका, आणि माझ्यासारखं वाद जिंकत बसू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा आणि ते कापड न धुता सोबत न्या. हे पान फाडून ज्या घरात बाळ येणार आहे तिथं द्या. देताना तिहेरी घडी घाला. कडेवरून नख दोनदा फिरवा.