बुधवारचा दुधी

शालू परवा गेली. तिचा दुधी अजून माझ्या फ्रिजमध्ये आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शालन माझी शाळेतली बेंच-पार्टनर. मुलुंडला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, ती वर, मी खाली. सगळी नोकरी तिने लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून केली.

रिटायर झाल्यावर दर बुधवारी दुपारी ती माझ्या डायनिंग टेबलवर बसून धडगावच्या डोंगरातल्या नर्सेसना ऑनलाइन शिकवायची.

लॅपटॉप माझा, वायफाय माझं. बाकी सगळं तिचं.

जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे शिकवायला बाहुली लागते. तिकडे प्रत्येकीला बाहुली कोण देणार?

शालूने दुधी आणला. स्केचपेनने नाक-तोंड काढलं, टॉवेलमध्ये गुंडाळला.

"दुधी कुठेही मिळतो गं."

गुरुवारी आमच्याकडे त्याचीच भाजी. माझा नवरा ताटाकडे बघून म्हणायचा, "हाही पेशंट वाचला नाही वाटतं!"

एका गुरुवारी मात्र तो गप्प जेवला.

कारण आदल्या दिवशी सुमन नावाची नर्स स्क्रीनवर आली होती, डोळे सुजलेले.

"मॅडम, बाळ गेलं. माझ्या हातात."

मी पटकन पुढे वाकले. "तुझी काही चूक नाही गं, बाळा."

शालूने मला हाताने मागे सारलं.

"सुमन, क्रमाने सांग. आधी काय केलंस?"

सुमनने सांगितलं. पुसलं, पाठ चोळली, नाक-तोंड साफ केलं. तोंडावर मास्क लावला, त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबली. छाती वर येत नव्हती. मास्कच्या कडेने हवा जात होती.

शालू म्हणाली, "बाळ वाचलं असतं का, मला माहीत नाही. पण मास्क नीट बसला नव्हता. ते आपण परत शिकू."

सुमनने कॅमेरा बंद केला.

मी भडकले. "किती क्रुएल आहेस शालू! दोन शब्द गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"बोलले असते. मग पुढच्या वेळीही हवा गेली असती, आणि तिला वाटलं असतं, आपल्या हातात काही नव्हतं."

"आणि तिने नोकरी सोडली तर?"

"तर त्या पाड्यांना दुसरी कोणी नाही," शालू म्हणाली. "मला कळत नाही का, रेखा? चहा टाक."

कॉन्व्हेंटमध्येही ती अशीच. उत्तर येत नसलं की सरळ उभी राहून, "आय डोन्ट नो, सिस्टर." मी काहीतरी गोड ठोकून द्यायचे.

पुढचे कितीतरी बुधवार सुमन म्हणजे स्क्रीनवरचा एक काळा चौकोन. फक्त नाव.

आणि शालू दर वेळी पुन्हा मास्क.

"मॅडम, हे झालंय ना!" बाकीच्या कुरकुरायच्या.

"माझा हात विसरतो. परत करू या."

बघायची मात्र त्या काळ्या चौकोनाकडे.

एका बुधवारी तो चौकोन उजळला.

चेहरा नाही. दोन हात, एक मास्क, एक दुधी.

शालू स्क्रीनजवळ सरकली.

"अंगठा थोडा खाली घे," शालू म्हणाली. "हां. आता हनुवटी वर उचल. बसला बघ."

मग तिने चष्मा काढून उगाचच पुसला.

सुमन राहिली. काही महिन्यांनी तिने कॅमेऱ्यासमोर एक बाळ धरलं, नुकतंच जन्मलेलं, भोकाड पसरलेलं. शालूने मला आवाज फुल करायला लावला.

परवा दुपारी शालू माझ्याकडे चहा पीत होती. कप हातातून सुटला. तोंड एका बाजूला वाकलं.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये सगळं संपलं.

आज बुधवार. त्या नर्सेसना कुणीतरी सांगायला हवं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि सांगितलं.

मग राहवलं नाही. म्हणाले, "मी नर्स नाही. माझ्या जागी तुमच्यातली कोणी असती तर शालू वाचली असती."

मला वाटलं, आता सगळ्या म्हणतील, असं बोलू नका.

सुमन म्हणाली, "ताई, क्रमाने सांगा."

मी सांगितलं. कप. तोंड. मग काय केलं ते.

"कुशीवर वळवलंत?"

"हो."

"तोंडात पाणी, औषध, काही घातलं नाहीत ना?"

"नाही."

"ॲम्ब्युलन्स?"

"लगेच बोलावली. आलीही लवकर."

तिचा सूर अगदी शालूसारखा.

"मग तुमच्याकडून काही राहिलं नाही, ताई."

दोन दिवस येणारा-जाणारा प्रत्येक जण मला हेच सांगत होता. पटलं आज. शालूच्या हाताखाली शिकलेली पोर नुसतं बरं वाटावं म्हणून असं म्हणत नाही.

मग मी रडले. त्या सगळ्या थांबल्या.

शेवटी सुमनने विचारलं, "ताई, दुधी आहे का? या महिन्यात दोघी नवीन आल्यात."

होता. शालूने रविवारीच त्याला नाक-तोंड काढून ठेवलं होतं. मी तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि सुमनने शिकवलं.

उद्या त्याची भाजी करीन. टाकून दिलेलं तुला चालायचं नाही.

नीट जा, शालू. पुढच्या बुधवारी लॅपटॉप मी उघडते.