ठोकळ्यामागची खुर्ची

रुखसानाभाभींचा फोन श्रीवर्धनहून आला तेव्हा मी मस्कतमध्ये, अल् खुवैरच्या सिग्नलला होते. "हे गेले गं... सकाळी चहा पिता पिता." मागे हॉर्न वाजू लागले, तरी माझा पाय हलेना. सुट्टीवर गावी निघताना भाभींचे यजमान इक्बालभाई जिन्यात म्हणाले होते, "येताना कोकमं आणतो, वहिनी." त्या फोनला आता दीड महिना होऊन गेला.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले हे गृहस्थ मस्कतच्याच गाला भागातल्या एका चाचणीशाळेत इंजिनिअर होते. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलासाठी नवी काडतुसं आली, की गोळी अंगात शिरल्यावर कशी वागेल हे ते तपासत. अंगाऐवजी जिलेटिनचा ठोकळा. गोळी फुलून त्यातच थांबली पाहिजे. आरपार गेली तर मागच्या निष्पाप माणसाचा जीव जायचा. म्हणून ठोकळ्यामागे ते कायम एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची ठेवत. कुणी हसलं की म्हणत, "मागे कुणीतरी असतंच." घरीही तेच. जिन्याचं जड दार सोडण्याआधी तेच म्हणत वळून बघत. माझ्या मुलाची बोटं एकदा त्या दारातून वाचली ती त्यामुळेच. हे उपकार फिटणारे नव्हेत.

एका उन्हाळ्यात चाचणीशाळेतला फ्रीज बंद पडला आणि एक ठोकळा आमच्या फ्रीजमध्ये मुक्कामाला आला. सासूबाईंना वाटलं, भाभींनी ईदची चायना ग्रासची जेली पाठवलीय. कोपरा कापून तोंडात टाकला आणि लगेच थुंकून म्हणाल्या, "साखर विसरली की काय ही बाई!" इक्बालभाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी म्हटलं, एक कोपरा तर गेलाय, चालवून घ्या. "नाही वहिनी, चालवून घेतलेली टेस्ट ती टेस्टच नाय," म्हणाले आणि नवा ठोकळा ओतायला बसले.

खरं तर चालवून घेण्याचाच दबाव होता. हा ठोकळा ज्या नव्या काडतुसांसाठी होता, त्यांचा सौदा अर्बाबने, म्हणजे त्यांच्या ओमानी मालकाने, जवळजवळ पक्का केला होता. चाचणीचा शेरा वाईट आला तर भाईंचा व्हिसा वाढणार नाही, असं भाभी माझ्याकडे रडून सांगून गेल्या होत्या.

आमच्याच फ्रीजमध्ये घट्ट झालेला नवा ठोकळा मीच गाडीतून चाचणीशाळेत पोचवला आणि भिंतीआड थांबले. आवाज झाला. गोळी ठोकळा पार करून खुर्चीच्या पाठीतूनही गेली होती.

"पीछे तो दीवार है, इक्बाल! साइन करो, यल्ला, जल्दी!" अर्बाब वैतागला.

इक्बालभाईंनी खुर्ची उचलून त्याच्यापुढे ठेवली. "अर्बाब, दो मिनट बैठो."

तो बसला. हात मागे नेऊन त्याने भोक चाचपलं. बोट थेट त्याच्याच पाठीला टेकलं... मग उठला. "खलास. माल वापस भेजो." व्हिसाही वाढला. त्या दिवशी मी भाभींसाठी मिठाई नेली. सासूबाईंनी आधी चाखून पाहिली.

ती भोकाची खुर्ची इक्बालभाईंनी नंतर घरी आणली होती; भाभींनी परत येऊन फ्लॅट रिकामा केला तेव्हा ती मी मागून घेतली. परवा घरी पाहुणे आले, बसायला जागा कमी पडली. मी मुलाला म्हटलं, गॅलरीतली पांढरी खुर्ची आण. तो जागचा हलला नाही. एरवी इंग्रजीत बोलणारा माझा पोरगा शब्द शोधत मराठीत म्हणाला, "ती नको, आई. तिथे... कुणीतरी असतंच."